चौकीचा आकडा

नाशिक,
३ सप्टेंबर २०२५

प्रिय मैना,

फोन करून करून थकले. प्रत्येक वेळी संतोष उचलतो आणि ‘आई मळ्यात गेलीय’ म्हणतो. सत्तरी ओलांडलेली बाई सकाळ-संध्याकाळ मळ्यात काय करते, हे मी त्याला विचारलं नाही. तुला माझ्याशी बोलायचं नाही, एवढं समजलं. म्हणून हे पत्र. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हाताने इतकं लिहिलेलं नाही. अक्षर गोड मानून घे.

तू पिक्चर पाहिलास, हे तुमच्या सरपंच छायाबाई भेटल्या होत्या, त्यांच्याकडून कळलं. आम्हीही पाहिला. शेजारी म्हणाले, ‘काकांवरच आहे म्हणतात’, आणि हट्टाने घेऊन गेले. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूचे बिनतारी संदेश ऐकून त्यांची गुप्त भाषा उलगडणारा एक मराठी तरुण. यांनी लष्करात ते काम केलं, हे खरं. त्यापलीकडे मला इतक्या वर्षांच्या संसारात काहीही माहीत नाही. मी विचारायचे, हे ‘आकडेमोड’ म्हणायचे, विषय संपायचा.

हे शेवटपर्यंत बसून होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, “त्या पोरानं हेडफोन उलटा घातला होता.” मी हसले. हे हसले नाहीत. त्या दिवसापासून जेवण तुटलंय. डॉक्टर म्हणतात, ब्याऐंशीव्या वर्षी असं व्हायचंच. मला उठबस होत नाही, यांना एकटं सोडून सायखेड्याला यावं तर कशी येणार?

पिक्चरमध्ये हिरोच्या मेहुण्याचं जे दाखवलंय ते मनाला लावून घेऊ नकोस. सोमनाथ तुझा नवरा, तसा माझाही भाऊ होता. पिक्चरवाले कशाचंही काहीही करतात, त्यांना कोण सांगायला जाणार?

एक ओळ तरी लिही.

तुझी,
उज्वला


सायखेडा,
११ सप्टेंबर २०२५

ताईंना मैनाचा नमस्कार.

पत्र मिळालं. फोनवर बोलायचं नव्हतं कारण आमच्या घरात फोन म्हंजी सगळ्यांनी ऐकायचा. सातवीपर्यंतचं अक्षर हाय माझं, तुम्हीच घोटून घेतलेलं. चुकलं तर सोडून द्या.

पिक्चर मी पाहिला. त्यात हिरोला दुपारी संदेश उलगडतो की उद्या पहाटे अमक्या चौकीवर हल्ला होणार. त्या चौकीवर त्याच्या बायकोचा भाऊ हाय. तो साहेबाकडे पळत जातो. साहेब म्हणतो, चौकीला सावध केलं तर शत्रूला कळेल की आपल्याला त्यांची भाषा समजते, मग पुढची सगळी लढाई हातची जाईल. हिरो रडतो, कागद फाडतो अन् गप बसतो. पहाटे मेहुणा मरतो.

संतोष माझ्या शेजारी बसला होता, ताई. बाप मेला तेव्हा तो पोटात होता. त्यानं बाप पहिल्यांदा मरताना पाहिला तो असा.

तुम्ही म्हणता पिक्चरवाले काहीही करतात. मग पुढचं सांगा. त्यात गावाकडं तार येते तेव्हा मेहुण्याची बायको चुलीपुढं भाकरी थापत असते. तार आणणारा दारात उभा. ती त्याला थांबा म्हणते, तव्यावरची भाकर उलटते, शेकते, टोपलीत ठेवते, अन् मग पदराला हात पुसून उठते. तसंच झालं होतं. तेव्हा घरात तुम्ही अन् मी, दोघीच होतो. मी ते कधी कुणाला सांगितलं नाय. सांगण्यासारखं काय हाय त्यात? नवरा गेल्याची तार दारात अन् ही भाकर शेकते, असंच लोक म्हणाले असते. मग मुंबईच्या लोकांना कुणी सांगितलं?

अन् ते खरं असेल तर दुसरंही खरं असेल. दाजींना माहीत होतं का? हो का नाय, एवढंच लिहा.

दाजींनी संतोषला तुमच्याकडं ठेवून शिकवलं, त्याचं लग्न लावलं. मी सगळ्यांना सांगायचे, माझे दाजी देवमाणूस. आता रोज मनात येतं, ते पाप धुत होते का?

मैना


नाशिक,
२० सप्टेंबर २०२५

प्रिय मैना,

हो, मी सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी तृप्ती नावाची एक मुलगी आली होती. पिक्चरची गोष्ट लिहिणारी. यांचं नाव तिला कुठल्याशा जुन्या साहेबांकडून मिळालं होतं. हे तिच्याशी दोन वाक्यं बोलले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. ती मात्र बसली. चहा घेतला, मला कामात मदत केली, माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं. मैना, आमच्याकडे इतका वेळ कोणी बसून किती महिने झाले होते! मी बोलत गेले. सोमनाथचं बोलले, तुझं बोलले. मला त्यात तुझा मोठेपणा दिसत होता. तो तिच्या उपयोगाला येईल, हे डोक्यातही आलं नाही. आणि पहिल्या पत्रात मी ते तुझ्यापासून लपवलं. आता सांगितलं.

पण यांना आधी माहीत होतं, असं मी तिला म्हटलेलं नाही. मला कुठून माहीत असणार? तुझं पत्र आल्यावर मी तृप्तीला फोन केला. ती म्हणाली, “आजी, ते आम्ही रचलंय. पिक्चरला तसं काहीतरी लागतं.” मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी फोन ठेवून यांच्याकडे गेले.

म्हटलं, “मैना विचारतेय. तुम्हाला माहीत होतं का?”

“मला विचारू नकोस.”

“हो की नाही, एवढंच सांगा.”

“तेवढंच तर सांगता येत नाही,” म्हणाले, आणि कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. आमच्या घरात बोलणं संपवायची हीच पद्धत आहे.

माझ्याकडे उत्तर नाही, मैना. तुझ्याइतकीच मीही भ्यायले आहे. मी त्याच माणसाला सकाळी औषधं देते, त्याच्याच शेजारी झोपते. एवढं मात्र खात्रीने सांगते, संतोषला ठेवून घेतलं ते आम्हाला मूल नव्हतं म्हणून. तो आला तेव्हा या घरात आवाज आला. निदान माझ्यापुरतं तरी ते एवढंच होतं.

उज्वला


सायखेडा,
२ ऑक्टोबर २०२५

ताई,

गावात यांच्या फोटोचा मोठा बोर्ड लागलाय, पुलाच्या अलीकडं. ‘यांच्या बलिदानामुळे देश जिंकला’ असं लिहिलंय. शाळेतल्या पोरी येऊन माझ्या पाया पडल्या. आजवर सोमनाथची बायको म्हणून मला कुणी विचारलं नव्हतं, अन् आता किराणा आणायला गेले तरी दुकानदार उठून उभा राहतो. मला लाज वाटते. कुणीतरी कागदावर हिशेब केला की हा एक मेला तरी चालेल, अन् त्याबद्दल लोक माझ्या पाया पडतात.

संतोष म्हणतो, आता नाशिकच्या घरी पाय ठेवणार नाय.

दाजींनी उत्तर दिलं नाय. मी ते हो धरते. तुमच्यावर राग नाय, पण लय थकले. तुम्हाला लिहायला बसले की दोन दिवस जीव जागेवर येत नाय. आता लिहू नका.

मैना


सायखेडा,
२८ ऑक्टोबर २०२५

ताई,

मीच लिहू नका म्हटलं होतं अन् मीच लिहिते. काल दाजी आले होते. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं असेल ते माहीत नाय, पण मला वाटतं काहीच सांगितलं नसेल. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

संतोष मळ्यात छाटणीवाल्या मजुरांबरोबर होता. मी ओट्यावर लसूण सोलत होते. बघते तर दाजी येतायत, एकटेच, हातात काठी, दुसऱ्या हातात टोपी. एसटीनं आले, म्हणाले. नाशिकहून उभ्यानं. घामानं शर्ट भिजलेला. मी या म्हटलं नाय अन् जा पण म्हटलं नाय. ते ओट्याच्या कडेला टेकले. मी पाणी दिलं, कारण माणूस पडला असता.

पाणी पिऊन तोंड पुसलं. मग म्हणाले, “मैनाबाई, पिक्चरमध्ये आहे तसं झालं नाही. पण मी सुटलो असंही नाही.”

मी म्हटलं, “दाजी, मला कळेल असं सांगा.”

मग त्यांनी सांगितलं, अन् मला कळलं. शत्रूच्या त्या भाषेत दर शब्दाला एक आकडा असायचा. हे लोक कानाला यंत्र लावून आकडे ऐकायचे, लिहून घ्यायचे, अन् कुठला आकडा म्हंजी कुठला शब्द ते शोधत बसायचे. तो संदेश दाजींच्याच हाती आला.

“पहाटे, हा शब्द सुटला,” म्हणाले. “हल्ला, हा सुटला. कुठं, तो आकडा सुटला नाही. पहिल्यांदाच आला होता. मी दिवसभर त्याच्यावर बसलो. साहेबांना म्हटलं, कुठल्या तरी चौकीवर उद्या हल्ला आहे. साहेब म्हणाले, सीमेवर चौक्या किती आहेत, माहीत आहे का तुला? ते चुकीचं बोलले नाहीत.”

“मग?”

“मग दुसऱ्या दिवशी कळलं, कुठली चौकी पडली. ते नाव मी त्या आकड्यापुढं लिहून पाहिलं. बसलं. मैनाबाई, एक नाव बसलं की बाकीची सुटत जातात. शेजारच्या चौक्यांची नावं सुटली. पुढच्या वेळी हल्ल्याआधी तिथं निरोप गेला. आमच्या खोलीत टाळ्या पडल्या. मला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं.”

काठीची मूठ नुसती चोळत होते.

“सोमनाथ तिथं होता, हे मला ठाऊक नव्हतं. तो पत्रात फक्त थंडी लय आहे म्हणून लिहायचा. नाव बसलं तेव्हा मी हसलो होतो, मैनाबाई. आठ दिवस मी हसत होतो. मग उज्वलाचं पत्र आलं. आणि पुढं मला पदक मिळालं ते त्याच कामाचं. ते मी कधी घरी आणलं नाही. कुणी विचारलं, तुला माहीत होतं का, तर मी हो म्हणू का नाही म्हणू? संदेश माझ्या हातात होता.”

ताई, मला वाटलं होतं, दाजी समोर आले की मी लय बोलेन. महिनाभर मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. पण ते ऐकून मी परत लसूण सोलायला घेतला. महिनाभर मला रागवायला एक माणूस तरी होता. आता तो पण नाय. नुसता एक आकडा, कुणाला न सुटलेला.

मी विचारलं, “मग बाकीचे वाचले का? किती वाचले?”

म्हणाले, “ठाऊक नाही. जो वाचला, त्यालाही ठाऊक नसेल.”

तेवढ्यात संतोष आला. दाजींना बघून दारातच थांबला. मी त्याला सगळं सांगितलं, दाजींच्या समोरच. दाजी खाली मान घालून बसले होते, शाळेत चुकलेल्या पोरासारखे. संतोषनं हातपाय धुतले, गाडी काढली अन् म्हणाला, “आत्तोबा, चला, सोडतो. एसटीनं नका जाऊ.”

तुमच्या दारातून तो आत न येता परत फिरला असेल. त्याचं मनावर घेऊ नका. त्याला वेळ लागतो, बापासारखंच.

मैना


नाशिक,
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मैना,

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या दिवशी हे मला ‘बँकेत जाऊन येतो’ म्हणून गेले होते. संध्याकाळ झाली तेव्हा मी शेजाऱ्यांना शोधायला पाठवलं, दवाखान्यांत फोन केले. मग फाटकाशी संतोषची गाडी थांबली, हे उतरले आणि गाडी वळली. यांनी एवढंच सांगितलं, “सायखेड्याला गेलो होतो.” पुढे काही नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं मी केव्हाच सोडून दिलंय.

माझा भाऊ कसा मेला, हे मला चौपन्न वर्षांनी भावजयीच्या पत्रातून कळलं, आणि सांगणारा माणूस पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. मैना, मला तुझ्यासारखं गप्प बसता आलं नाही. मी पत्र घेऊन गेले आणि पेपरवर आपटलं. म्हटलं, “कानात यंत्र घाला.” घातलं.

“तिला सांगितलंत. मला नाही?”

“तिनं विचारलं होतं.”

“मी पण विचारलं होतं!”

“तू दीड महिन्यापूर्वी विचारलंस,” म्हणाले. “त्याआधी तू मला नेहमी विचारायचीस, जेवण झालं का, थंडी वाजते का. त्याचं उत्तर देता येत होतं.”

मी रडले. यांना रडणारं माणूस सहन होत नाही, तरी उठून गेले नाहीत. मग म्हणाले, “तुला सांगितलं असतं, तर तू मैनासमोर कशी बसली असतीस? दर दिवाळीला तू तिच्याकडे जायचीस. संतोषला जेवू घालायचीस. एकानं मनात ठेवलं तर पुरत होतं. दोघांनी कशाला?”

त्यांनी हे मला वाचवायला केलं असेल. पण मी या माणसाबरोबर राहिले ती अर्ध्याच माणसाबरोबर राहिले, असं आता वाटतं. राग येतो, आणि या वयात राग धरायलाही ताकद लागते. संध्याकाळी मी मऊभात केला. त्यांनी वाटीभर खाल्ला. पिक्चर पाहिल्यापासून पहिल्यांदाच.

काल पिक्चरवाल्यांचा फोन आला होता. मुंबईत सत्कार ठेवलाय, त्या हिरोच्या हातून शाल द्यायची आहे. मी फोनवर हात ठेवून यांना विचारलं, काय सांगू? म्हणाले, “सांग, तो माणूस वारला.” मी तसं कसं सांगणार? प्रकृती बरी नाही, म्हटलं. ते खोटंही नाही.

तू सायखेड्यातला तो बोर्ड राहू दे हवा तर. तुला तेवढा मान मिळू दे. आम्ही कुणालाही काही सांगणार नाही.

उज्वला


सायखेडा,
१४ डिसेंबर २०२५

ताई,

तुम्ही पाय मुरगळून घरी बसलात, म्हणून कालचं सगळं लिहिते. दाजी रात्री इथंच राहिले, पत्र त्यांच्याच हातात देते. पाकीट डिंकानं चिकटवलंय, कारण दाजींनी आयुष्यभर दुसऱ्यांचीच पत्रं वाचली. तसं म्हटल्यावर ते हसले.

आधी बोर्डाचं. मी छायाबाईंना सांगून काढायला लावला. त्या म्हणाल्या, काय झालं मावशी, कुणी काही बोललं का? म्हटलं, कुणी नाय बोललं. पण बलिदान म्हंजी माणूस आपण होऊन देतो. माझा नवरा पहाटे झोपेत होता का जागा होता, ते पण मला माहीत नाय. त्यानं काही दिलं नाय, त्याच्याकडून गेलं. छायाबाईंना ते नीट कळलं नाय, पण बोर्ड उतरवला. दुकानदार अजून उठून उभा राहतो. त्याला मी काय करू?

तुम्हाला एक कधी बोलले नव्हते. दर वर्षी यांच्या तिथीला तुम्ही यायच्या अन् दाजी कधी आले नाय. कधी ताप, कधी गावाला गेलेले. मला वाटायचं शिकलेली माणसं हाय, श्राद्धपक्ष मानत नसतील. यंदा मी संतोषला म्हटलं, दाजींना घेऊन ये. तो जाणार नाय असं वाटलं होतं. सकाळी उठले तर गाडी जागेवर नव्हती.

दाजी आले. यांच्या फोटोसमोर उभे राहिले. नमस्कार केला नाय, नुसते बघत राहिले, जसं एखाद्याला लय दिवसांनी भेटल्यावर बघतो. आता फोटोतला तो पोरगा अन् दाजी पार म्हातारे. मग गुरव येऊन गेले, कावळ्याला घास ठेवला. पानं मांडली. दाजींना भिंतीला टेकायला उशी दिली. संतोष त्यांच्या शेजारच्या पानावर बसला. पिक्चरनंतर दोघं पहिल्यांदा एका पंगतीला बसले.

संतोषनं घास घेतला नाय. म्हणाला, “आत्तोबा, एक विचारू?”

“विचार.”

“तो आकडा काय होता? बाबांच्या चौकीचा?”

मी वाढता वाढता थांबले. पोराचं खरं होतं, ताई. बापाची म्हणून त्याच्याकडं एक टोपी अन् एक फोटो, बाकी काही नाय. त्याला तेवढं तरी पाहिजे होतं. पण तो आकडा त्याच्या डोक्यात गेला असता, तर रोज कुठं ना कुठं दिसला असता. गाडीच्या नंबरात, बाजारभावात, कुठंही.

दाजींनी त्याच्याकडं बघितलं. ओठ हलले. मला वाटलं सांगतात. मग त्यांनी पाण्याचा पेला उचलला, दोन घोट घेतले अन् खाली ठेवला.

“विसरलो रे,” म्हणाले. “वय झालं आता.”

संतोषनं मान हलवली. “असू द्या,” म्हणाला, अन् जेवायला लागला.

ते खोटं बोलत होते, ताई. मी समोरच होते. मी त्यांच्या पानात भात वाढला अन् वर तूप सोडलं.

मैना